आर्तोचा गुडघा

आर्तो जिना उलटा उतरत होता. तोंड पायऱ्यांकडे, पाठ खालच्या दाराकडे, दोन्ही हात कठड्यावर, आणि एकेक पाऊल मागे चाचपत. नुकतं चालायला लागलेलं मूल उतरतं तसा. माणूस मात्र केवढा, तर मान वाकवल्याशिवाय दाराच्या चौकटीत न मावणारा. सुमन हातात चकलीचा सोऱ्या घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. तिने पाहिलं आणि आवाज न करता मागे सरकली. शेवटच्या पायरीवर तो वळला, खांदे नीट केले, चेहरा नीट केला, आणि काही झालंच नाही असा आत आला.

"मॉर्निंग, मिसेस के," म्हणाला. परातीतली एक गरम चकली उचलली आणि उभ्यानेच खाल्ली.

उभ्यानेच. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की गेले कित्येक दिवस आर्तो त्यांच्या स्वयंपाकघरात बसलाच नव्हता.

नव्वद सालचा ऑक्टोबर होता, आणि ब्रिस्टलमधल्या चढावरच्या एका रांगेतलं ते घर. बाहेर अंगाला चिकटणारा पाऊस. पडतोय म्हणावं तर पडत नाही, थांबलाय म्हणावं तर कपडे ओले. घराच्या माळ्यावरच्या खोलीत चार वर्षांपूर्वी आर्तो निस्कला राहायला आला होता तो सहा आठवड्यांच्या बोलीने. एव्हनब्रिज टाउन नावाच्या, खालच्या डिव्हिजनमधल्या फुटबॉल क्लबने त्याला एडिनबराहून आणलं होतं. क्लबला त्याच्यासाठी खाऊनपिऊन राहायची खोली हवी होती, आणि डॉक्टर पद्माकर खांबेटे शनिवारी त्या क्लबचे डॉक्टर होते. डॉक्टरांच्या घरी वर एक खोली रिकामी आहे, हे कुणीतरी मॅनेजरच्या कानावर घातलं. आर्तो दोन बॅगा घेऊन आला. एडिनबरामध्ये त्याचा संसार मोडला होता, बायको फिनलंडला परत गेली होती. सहा आठवडे झाले, मग दुसरे सहा झाले, आणि मग कुणी मोजलं नाही.

तो बचावफळीतला. मधला, मागचा. जिथे चेंडू आणि माणूस दोन्ही अंगावर येतात तिथला. गोल करणाऱ्याचं नाव पेपरात येतं, आणि गोल अडवणाऱ्याचं नाव गोल झाला तरच येतं, असं तो एकदा म्हणाला होता, आणि तेही तक्रार म्हणून नव्हे, तर हवापाण्याबद्दल बोलावं तसं. त्याचं गाव तळ्याकाठचं, कागदाच्या गिरणीचं. बाप गिरणीत, भाऊ गिरणीत, आणि हा एकटा चेंडूमागे लागून त्र्याऐंशी साली इकडे आला. आधी उत्तरेकडच्या एका गावात, जिथे मैदानापेक्षा चिखल जास्त. मग स्कॉटलंडात, जिथे बर्फ पडला की तो एकटाच खूश असे. मग इथे. स्वतःच्या देशाच्या टीममधून काही सामने खेळला होता म्हणून इंग्लंडचं वर्क परमिट मिळालं. आणि खेळत राहिला तरच ते पुढे चालू राहणार होतं. नाक दोनदा मोडलं होतं. डाव्या भुवईवर टाक्यांची वेल चढली होती. शनिवारची दुपार सोडली, तर त्याचं सगळं आयुष्य म्हणजे बसच्या खिडकीला टेकवलेलं डोकं होतं. एक गाव गेलं, दुसरं आलं, तोच पाऊस.

घरात तो फारसं बोलत नसे. सुमनला ते बरंच वाटे. ती दिवसभर हॉस्पिटलच्या ब्लड लॅबमध्ये, पद्माकर दिवसभर ऑपरेशन थिएटरमध्ये. घरी आल्यावर बोलायला शब्द शिल्लक नसत. पद्माकर भूल देणारे डॉक्टर. मिरजेहून एकाहत्तर साली आलेले. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं कन्सल्टंट झाली, ते मात्र होते तिथेच राहिले, आणि त्यांनी त्याबद्दल बोलणंही कधीच सोडून दिलं होतं. संध्याकाळी हे दोघे पुरुष टीव्हीसमोर असे बसत, की जणू एकाच गाडीने फार लांबून आलेत आणि सामान अजून उतरवायचंय. बोलायचं काम घरात एकट्या मीनलचं. ती सोळा वर्षांची, इथलीच, तोंडाची फटकळ. ती आर्तोला वरणभाताला 'राइस विथ यलो' म्हणायला शिकवायची आणि तो आईसमोर म्हणाला की हसत सुटायची.

पहिल्याच वर्षी एक गंमत झाली होती. नरक चतुर्दशीला पहाटे सुमनने घरातल्यांना तेल, उटणं, कढत पाणी दिलं. वाफेने आरसे धुरकटले. आर्तो माळ्यावरून उतरला, वास घेत दाराशी उभा राहिला आणि कधी नव्हे ते बोलला. आमच्याकडेही सणाच्या आधी असंच, म्हणाला. लाकडी खोलीत दगड तापवतो, पाणी मारतो, वाफ येते. आमच्यामागून घरातले मेलेलेसुद्धा अंघोळ करून जातात, असं माझी आजी म्हणायची. तेव्हापासून नरक चतुर्दशीला तेलाची एक वाटी माळ्यावर जायची. पण तिने त्याला ओवाळलं कधी नव्हतं. भाडेकरूला काय ओवाळायचं?

सुमनला भाऊ नव्हता. वाईजवळच्या खेड्यात चार बहिणींत ती धाकटी. आई दळताना बंधवाच्या ओव्या गायची. स्वतःच्या भावाच्या, मुलींना नसलेल्या भावाच्या, कुणाच्याही. ज्यांना भाऊ नाही त्या मुली भाऊबीजेला अंगणात जाऊन चंद्राला ओवाळत, तशी सुमनही ओवाळायची. ब्रिस्टलला आल्यावरही तिने ते सोडलं नव्हतं. मागच्या दारी, कचऱ्याच्या डब्यांपाशी, कोटावर शाल घेऊन तबक हातात धरायचं, आणि बीजेचा तो नखाएवढा चंद्र शोधायचा. बहुतेक वर्षी दिसायचा नाही. ढगाच्या ज्या भागात असेल असं वाटे, तिकडे ओवाळून ती आत यायची. मीनल दर वर्षी म्हणायची, "आई, ढगाला कशाला ओवाळतेस? आर्तोला ओवाळ की. तो पण तसाच आहे, वर असतो आणि दिसत नाही."

जिना उलटा उतरताना पाहिलं त्या दिवसापासून सुमनला तो आवाज झोपेतही ऐकू येऊ लागला. एक पाऊल. मग थांबणं. मग दुसरं. शनिवारी सामना संपवून आला की मात्र तो कधीकधी खडखडत चढायचा, आणि रविवारी सकाळी रोजच्याहून वाईट उतरायचा. ती लॅबमधली बाई. एखादी गोष्ट ठरावीक वारी बरी आणि ठरावीक वारी वाईट होत असेल, तर त्याला कारण असतं, एवढं तिला कळत होतं.

पाडव्याच्या संध्याकाळी तिने पद्माकरना ओवाळलं. त्यांनी तबकात साडी ठेवली. दर वर्षी निळीच आणत, आणि दर वर्षी मागच्या वर्षीची विसरत. जेवण झालं. मीनल मैत्रिणीकडे गेली. आर्तो वर होता.

"अहो," सुमन भांडी विसळता विसळता म्हणाली, "आर्तोच्या गुडघ्याला तुम्ही काही देता का?"

पद्माकरांनी चष्मा काढून डोळे चोळत सांगितलं. उजव्या गुडघ्यातली गादी संपलीय, हाडाला हाड लागतं. सामन्याआधी ते सुई देतात, दोन-तीन तास दुखणं कळत नाही, तेवढ्यात तो खेळून घेतो. ऑगस्टपासून चाललंय. मॅनेजरला माहीत आहे. आर्तो स्वतःच मागतो. वसंतापर्यंत रेटलं तर परमिट वाढेल, क्लब आणखी एक वर्षाचा करार देईल. मध्येच बसला तर क्लब सोडेल, आणि क्लबने सोडलं की या देशात राहायचं काही कारण उरत नाही.

"आणि वसंतापर्यंत रेटलं तर गुडघ्याचं काय?"

"काठी," पद्माकर म्हणाले. "चाळिशीला. कदाचित त्याआधीच."

"हे त्याला सांगितलंत?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं. सगळं समजून मागतोय. मोठा माणूस आहे, पेशंट आहे. मी नाही दिली तर मॅनेजर दुसरा कुणी शोधेल, तो कुठेही टोचेल. मी निदान नीट देतो."

थकलेल्या माणसाचं बोलणं होतं ते. स्वतःशी पुष्कळ वेळा बोलून गुळगुळीत झालेलं.

सुमनने नळ बंद केला. "तो घरातला असता तर?"

"मग प्रश्नच नव्हता. मी हात लावला नसता."

हे ते विचार न करताच बोलले, आणि खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. पण ते खरं होतं, हे सुमनपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? घरच्या माणसावर औषधोपचार करायचा नाही, हा पद्माकरांचा नियम. मीनल सायकलवरून पडून हनुवटी फुटली, तेव्हा घरात टाके घालणारा डॉक्टर असून हे तिला कॅज्युअल्टीत घेऊन गेले आणि इतरांबरोबर बाकावर तीन तास बसले. सुमनचं डोकं दुखलं तर म्हणत, जीपीला विचार. एकदा ती चिडून म्हणाली होती, की तुमच्याशी लग्न करून मी एक डॉक्टर गमावला. त्यावर ते शांतपणे म्हणाले होते, घरच्या माणसाच्या अंगाला हात लावला की माझा हात डॉक्टरचा राहत नाही. मग सुई कापते, नाहीतर मन कापतं.

ती पुसलेली भांडी पुन्हा पुसत बसली. उद्या शनिवार होता. उद्या घरच्या मैदानावर सामना होता. आणि उद्या भाऊबीज होती.

सकाळी पद्माकर दाढी करत असताना सुमनने जिन्याखालच्या कपाटातून पाट काढला. चौरंग होता, खुर्च्या होत्या, तरी तिने पाटच काढला. पुढच्या खोलीत कार्पेटवर वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर पाट, पाटाभोवती तांदळाच्या पिठाची चार बोटं रांगोळी. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. मीनल डोळे चोळत आली.

"आई, भाऊबीज तर संध्याकाळी असते ना?"

"आज सकाळी आहे."

"कोणाची?"

"आर्तोला बोलव."

मीनलची झोप उडाली. ती जिन्याखालूनच ओरडली, की आर्तो, खाली ये, आईने तुझ्यासाठी चंद्राला काढून टाकलंय. मग तो उतरेपर्यंत तिने त्याला सगळं समजावलं. आज बहीण भावाला ओवाळते, भावाने तिथे बसायचं, डोकं झाकायचं, नंतर तबकात काहीतरी ठेवायचं, आणि मिसेस के म्हणायचं नाही, ताई म्हणायचं. आर्तो क्लबच्या ट्रॅकसूटमध्ये होता. त्याला वाटलं, सामन्यासाठी शुभ काहीतरी असेल. त्याने टॉवेल डोक्यावर घेतला आणि पाटाकडे पाहिलं.

पाट जमिनीपासून चार बोटं उंच. त्यावर बसायचं तर गुडघा मोडायला हवा. त्याने एक हात भिंतीला लावला, दुसरा सोफ्याला, डावा पाय दुमडला, आणि उजवा पाय तसाच समोर लांब ठेवून, रांगोळीची कड पुसत, धपकन बसला. चेहरा हसरा ठेवला होता. घाम मात्र ओठावर आला होता.

सुमनने कुंकू लावलं. निरांजन त्याच्या तोंडासमोरून फिरवताना तिच्या ओठांवर आपोआप ओवी आली. आईची नव्हती ती, जुनीही नव्हती. तिथेच जमली:

*बंधू माझा उंच, दारी वाकवितो मान,*
*पाटावर बसताना त्याचं गुडघ्यात ध्यान.*

आर्तोने खिसे चाचपले. पाकीट वर राहिलं होतं. ट्रॅकसूटच्या खिशात पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ होतं, मोजे आणि घोटे बांधायचं. तेच त्याने तबकात ठेवलं. "ताई," म्हणाला, पहिल्या अक्षरावर सगळा जोर देऊन, जसं त्याच्या भाषेत देतात.

"मग आता हा माझा मामा?" मीनल हसत म्हणाली. "आणि बाबांचा कोण?"

"मेहुणा," सुमन म्हणाली.

तेव्हा तिने वर पाहिलं. पद्माकर दारात उभे होते. कोट घातलेला, हातात काळी बॅग. त्यांची नजर तबकावर नव्हती, सुमनवरही नव्हती. कार्पेटवर पसरलेल्या त्या लांब, न वाकणाऱ्या पायावर होती. कितीतरी वेळ. मग ते पुढे आले, बॅग खाली ठेवली, आर्तोच्या काखेत हात घालून त्याला उठवलं, आणि पुन्हा बॅग उचलून गाडीची किल्ली शोधू लागले.

पुढचं तिला मीनलकडून कळलं. मीनल दर शनिवारी बाबांबरोबर जायची, त्या दिवशीही गेली. खेळाडूंच्या खोलीच्या बाहेर बाकावर ती बसली होती, आत मॅनेजर मोठ्याने बोलत होता. पद्माकर हळू बोलत होते, पण तेच तेच बोलत होते. मला देता येणार नाही. तो आता माझ्या घरातला आहे. मॅनेजर म्हणाला, चार वर्षं घरातच होता की! पद्माकर म्हणाले, आज सकाळपासून. मॅनेजरला यातलं काय समजणार? त्याला वाटलं डॉक्टरचं डोकं फिरलं. शनिवारी दुपारी दुसरा डॉक्टर कुठून मिळणार? फोनाफोनी झाली, कुणी मिळालं नाही. आर्तो टेबलावर पाय लांब करून बसला होता, तो एवढंच म्हणाला, की मी असाच खेळतो.

असाच खेळला. पहिली काही मिनिटं कुणाला कळलं नाही. मग समोरच्या टीमच्या पोराने चेंडू त्याच्या उजवीकडून काढला. आर्तो वळला आणि वळता वळता थांबला. चेंडू दूर गेला होता. कुणी त्याला धक्का दिला नव्हता, कुणी पाडलं नव्हतं. तो मैदानाच्या मध्यावर उभा राहिला आणि त्याने हात वर केला. मला बाहेर घ्या. सगळ्या आयुष्यात त्याने तो हात कधी वर केला नव्हता, असं लोक मागे बसून बोलत होते. टाळ्या वाजल्या, पण थंडीत वाजतात तशा, हातमोज्यांमधून.

संध्याकाळी गाडीचा आवाज आला. मीनल रडवेली होऊन सरळ वर गेली. पद्माकर बॅग कपाटात ठेवून, कोटही न काढता, मागच्या दारी जाऊन उभे राहिले. आर्तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. वर चढायची त्याची तयारी नव्हती. सुमनने चहा त्याच्या शेजारी ठेवला आणि ती समोर, बुटांच्या स्टँडला टेकून, उभी राहिली.

त्याने कप दोन्ही हातांत धरला.

"डॉक्टरांनी गाडीत सगळं सांगितलं," तो म्हणाला. "हा काय सण आहे ते. आणि भाऊ झाला की काय होतं ते."

सुमनने स्टँडवरचा एक बूट सरळ केला.

"मी त्यांच्याकडे सुई मागितली होती, मिसेस के. तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं."

"नाही मागितलंस."

"तू मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"हो," आर्तो म्हणाला. "म्हणूनच विचारायचं असतं."

दुपारभर तिने पुष्कळ उत्तरं जमवून ठेवली होती. काठी, चाळिशी, हाडाला हाड. ती सगळी खरी होती आणि एकही इथे लागू पडत नव्हतं. तिने फक्त विचारलं, "खूप दुखलं?"

त्याने गुडघ्यावर हात ठेवला. "ऑगस्टनंतर खेळताना पहिल्यांदाच दुखलं," म्हणाला. "मी विसरलो होतो किती आहे ते." मग कठड्याला धरून उठला, वळला, आणि एकेक पायरी चढत वर गेला. चहा तसाच राहिला.

मागच्या दारी पद्माकर कचऱ्याच्या डब्यांपाशी उभे होते. सुमन त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आकाश गच्च होतं.

"माझ्या नियमाचा दोर केलास," ते म्हणाले. "आणि त्याने मलाच बांधलंस."

"रागावलात?"

"हो." मग म्हणाले, "दर शुक्रवारी माझी झोप मोडायची. तुला कळलं नाही कधी?"

तिला खरंच कळलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या आठवड्यात क्लबचं काम सोडलं. शनिवार रिकामा झाला. त्या रिकाम्या शनिवारी ते दुपारी झोपत, संध्याकाळ होईपर्यंत.

सुमनची चूक दुसरीच होती, आणि ती तिला हळूहळू कळत गेली. तिला वाटलं होतं, माणूस घरातला झाला की घरातच राहतो. गुडघ्याचं ऑपरेशन होईल, तो बरा होईल, क्लबमध्ये पोरांना शिकवायचं काहीतरी काम मिळेल, भाऊबीजेला पाट मांडला जाईल. पाडव्याच्या रात्री पद्माकरांनी परमिटचं सांगितलं होतं. तिने ते ऐकलं होतं, पण ऐकूनही बाजूला ठेवलं होतं, जशी नको असलेली बरणी मागच्या फळीवर ठेवतात. ऑपरेशन जानेवारीत झालं. क्लबने फुलं पाठवली. मार्चमध्ये क्लबने कळवलं, की करार वाढणार नाही. जूनमध्ये त्याला देश सोडायचा होता.

त्या सगळ्या महिन्यांत तो सभ्यपणे वागला. ताट धुवायचा, थँक्यू म्हणायचा, मीनलला गणितं सांगायचा. पण ताई म्हणाला नाही. मिसेस के म्हणायचा. सुमनला वाटे, की हा ओरडला असता तर बरं झालं असतं. जायच्या दिवशी टॅक्सी खाली थांबली होती. तो दोन बॅगा घेऊन जिना उतरला. तोंड समोर, पाठ मागे. सावकाश, पण सरळ. ती खाली उभी राहून त्याचे पाय पाहत होती. दोन्ही गुडघे वाकत होते. ते बघताना तिला आनंद व्हायला हवा होता.

दाराशी तो मान वाकवून थांबला. काही बोलेल असं वाटलं. मग टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला.

दिवाळीला ती फराळाचा डबा पाठवायची. चकल्या, शंकरपाळे, चिवडा. डब्याचं झाकण त्या पांढऱ्या चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद करायची, आणि तिकडून ख्रिसमसला तळ्याचं चित्र असलेलं एक कार्ड यायचं, सही आणि बर्फ किती पडला ते. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत मीनल विद्यापीठातून सुट्टीला घरी आली होती. पेपर वाचता वाचता म्हणाली, की आई, नियम बदलला. आता फिनलंडच्या लोकांना इथे काम करायला परमिट लागत नाही. एवढं म्हणून तिने पेपर उलटा करून ठेवला. पद्माकर म्हणाले, तोपर्यंत त्याचा पायच राहिला नसता. सुमन म्हणाली, हो. दोघांनीही ते एकमेकांसाठी म्हटलं.

पंचाण्णवच्या दिवाळीत आर्तो आला. आधी कळवलं होतं, तरी दार उघडल्यावर तिला तो ओळखायला क्षणभर लागला. केस गेलेले, पोट आलेलं. गावातल्या शाळेत मुलांना खेळ शिकवत होता. गिरणी बंद पडली होती. दुसरं लग्न झालं होतं, बायको नर्स. हे सगळं त्याने चहा होईपर्यंत सांगून टाकलं, म्हणजे त्याच्या मानाने भाषणच झालं. त्या रात्री तो माळ्यावरच झोपला. सकाळी सुमन स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. पावलं आली. एक, दुसरं, तिसरं, मध्ये न थांबता. शेवटच्या पायरीवर उजव्या पायाचा थोडासा जड आवाज. बस, तेवढाच.

पुढच्या खोलीत तिने पाट मांडला नव्हता. खुर्ची ठेवली होती, तिच्यावर शाल. पाट भिंतीला टेकवून ठेवला होता. आर्तोने खुर्ची पाहिली, पाट पाहिला.

"मी उभाच राहतो," तो म्हणाला. "बसलो की उठताना वेळ लागतो."

"मग माझा हात पोचायचा नाही."

त्याने वाकून पाट उचलला, तिच्या पायांसमोर ठेवला, आणि तिच्या हाताखाली आपला हात धरला. सुमन पाटावर चढली. पन्नाशीला टेकलेली बाई, हातात तबक, पाय थोडे लटपटत. पद्माकर सोफ्यावरून बघत होते. ते गेल्याच महिन्यात रिटायर झाले होते आणि अजून सकाळी सहाला उठून कोट शोधत.

तिने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. ज्योतीच्या उजेडात भुवईवरचे टाके अजून दिसत होते. ती हळूच गुणगुणली, आणि या वेळी ओवी मनातल्या मनात आधीच जुळवून ठेवलेली होती:

*बंधू माझा दूर, तिथं बर्फाची गं वाट,*
*त्याच्या पायांखाली राहो सरळ, सपाट.*

त्याने अर्थ विचारला नाही. खिशातून चिकटपट्टीचं नवं रीळ काढून तबकात ठेवलं, तेही चेहऱ्यावर काही न दाखवता.

"जुनं संपलं असेल," म्हणाला.

"संपत आलं होतं." मग तिने विचारलं. पाच वर्षं विचारायचं होतं, आणि या वेळी तिने ते खरंच विचारलं, उत्तर ऐकायच्या तयारीने. "आर्तो, अजून राग आहे?"

त्याने उजव्या पायावरचा भार डाव्यावर घेतला.

"आहे थोडा, ताई," तो म्हणाला. "थंडीत जास्त."

सुमनने मान हलवली. तो तिला पाटावरून उतरवायला हात पुढे करून उभा राहिला, आणि ती एकेक पाऊल मागे चाचपत खाली उतरली.